शिक्षकांच्या ग्रुप मेलसाठी नियम लिहिताय? आधी सेटिंग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाविद्यालयातल्या १४० शिक्षकांचा एकच ग्रुप मेल आहे, गेल्या महिन्यात परीक्षेच्या सुपरव्हिजनच्या यादीवरून त्यावर चांगलीच जुंपली, प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली, तुम्हाला समन्वयक केलं आणि पंधरा दिवसांत 'आचारसंहिता' मागितली. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारताय.

मी मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि गेली चौदा वर्षं आमच्या शिक्षकांचा ग्रुप मेल सांभाळते. हे काम कुणी मागून घेत नाही. आयक्यूएसीची, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाची, समन्वयक होते तेव्हा गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं. तर पहिली गोष्ट, 'आचारसंहिता' हा शब्द काढून टाका. तो आला की मसुद्यात 'सदस्यांनी सौजन्यपूर्ण भाषा वापरावी' छापाची वाक्यं यायला लागतात. भांडणाऱ्या माणसाला आपली भाषा कधीच असभ्य वाटत नाही, त्यामुळे असल्या वाक्यांनी कुणाचाही हात थांबत नाही. तुमच्याकडे जे झालं त्यातलं अर्धं तरी शिस्तीचं नसून जोडणीचं आहे, असा माझा अंदाज आहे. सूचना, चर्चा, अभिनंदन, श्रद्धांजली आणि भांडण हे सगळं एकाच नळातून येतंय.

कागदावर एक ओळ लिहिण्याआधी गेल्या तीन महिन्यांचे मेल उघडून बसा आणि प्रत्येकापुढे एकच खूण करा: हा मेल सगळ्या १४० जणांना हवा होता की नाही? मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सुट्टीची एक अख्खी दुपार गेली, पण पुढचे वाद टळले. असभ्य मेल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. ढीग होता तो 'नोटेड सर', 'थँक यू मॅडम', 'ओके' यांचा. गणित साधं आहे. एका सूचनेवर साठ जणांनी 'नोटेड' लिहिलं आणि ते सगळ्यांना गेलं, तर १४० इनबॉक्समध्ये मिळून ८,४०० मेल पडतात. परीक्षा विभागाचा खरा कामाचा मेल या कचऱ्याखाली जातो, मग 'मला मेल मिळालाच नाही' असं कुणीतरी खरोखर प्रामाणिकपणे म्हणतं, आणि तिथून भांडण सुरू होतं.

आता सेटिंग. गूगल ग्रुप्स असो की दुसरं काही, उत्तर कुणाकडे जाईल हे ठरवायचा एक पर्याय व्यवस्थापकाच्या हातात असतो: मूळ लिहिणाऱ्याकडे की सगळ्या ग्रुपकडे. आमच्याकडे ग्रुप ज्यांनी सुरू केला त्यांनी तो 'सगळ्या ग्रुपकडे' असा ठेवला होता आणि कित्येक वर्षं तो कुणी पाहिलाच नव्हता. म्हणजे साधं 'रिप्लाय' दाबलं तरी उत्तर सगळ्यांना. आमच्या एका सहकाऱ्यांनी संध्याकाळच्या लोकलमध्ये, कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये कुठेतरी उभ्या उभ्या, विभागप्रमुखांच्या 'मर्जीतल्या माणसांबद्दल' मैत्रिणीला दोन ओळी लिहिल्या. त्यांच्या समजुतीने मेल एकीलाच गेला होता. ठाणं येईपर्यंत तो सगळ्यांनी वाचलेला होता. मग त्यांची माफी आली, तीही सगळ्यांना. त्यावर 'इट्स ओके' म्हणणारे सात मेल आले, तेही सगळ्यांना. त्या बाईंना आठवडाभर स्टाफरूममध्ये येणं जड गेलं. त्यांची चूक होतीच, पण सापळा आम्ही लावून ठेवला होता. मी ती सेटिंग बदलली आणि त्यानंतर असा प्रकार परत झाला नाही. सगळ्यांना उत्तर द्यायचं असेल तर 'रिप्लाय ऑल' मुद्दाम दाबावं लागतं. तेवढी एक जादा कृतीसुद्धा माणसाला थांबवते.

आपल्याकडेच असं होतं असं समजू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेला. 'मला या यादीतून काढा' असं सांगणारी उत्तरंही सगळ्यांनाच जात राहिली आणि पूर्ण यंत्रणा रेंगाळली. आपले १४० म्हणजे किस झाड की पत्ती, पण रोगाची जात तीच.

जाता जाता आणखी एक. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत मुळात ५ सेकंदांवर असते, ती ३० पर्यंत वाढवता येते. स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांना फोन आणि लॅपटॉप काढायला लावून तिथल्या तिथे हे करून घ्या. पाच मिनिटं लागतात.

मग ग्रुपचे दोन ग्रुप करा. हे माझं मुख्य सांगणं आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. एक 'सूचना', त्यात प्रत्येक शिक्षक असणारच, बाहेर पडता येणार नाही, आणि लिहिणार फक्त कार्यालय, परीक्षा विभाग, आयक्यूएसी, ग्रंथालय आणि विभागप्रमुख. दुसरा 'चर्चा', त्यात ज्याला हवं तो असेल, नको तो बाहेर पडेल किंवा दिवसाचा एकत्रित मेल घेईल, आणि लिहायला सगळ्यांना मोकळीक. सूचनेवर कुणाला प्रश्न असेल तर तो चर्चेवर विचारायचा, आणि सूचना काढणाऱ्याने तिथे उत्तर द्यायचं. हा शेवटचा अर्धा भाग प्राचार्य वगळू पाहतील. वगळू देऊ नका. नुसती एकतर्फी सूचनावाहिनी उरली की बोलणं थांबत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. तिथे ते स्क्रीनशॉटच्या रूपाने फिरतं, आणि नंतर कोण काय म्हणालं होतं याची शहानिशा करायला कुणाकडे धड नोंद नसते.

व्हॉट्सअ‍ॅपला मी नाकं मुरडत नाही, त्याची जागा आहे. पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं, परीक्षा पुढे ढकलायची की नाही हे सकाळी सहाला ठरलं, तर तोपर्यंत विरार आणि बदलापूरचे लोक गाडीत बसलेले असतात. तिथे मेल काय कामाचा? आमचा नियम असा की दोन तासांच्या आत कुणी काही करायला हवं असेल तर फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप, आणि नंतर नोंदीसाठी सूचना ग्रुपवर एक मेल. निर्णयाचा पुरावा म्हणून नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फायलीत मेलच जातो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा जात नाही.

यादीत कोण आहे हे तपासा, आणि इथे जरा थांबून काम करा. बहुतेक महाविद्यालयांत सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक यादीत नसतात. कुणाला संस्थेचा मेल आयडीच दिलेला नसतो. कुणाचं नाव सत्र संपलं की काढतात आणि जुलैत परत घालायचं राहतं. मग त्यांना सूचना कुणीतरी पुढे पाठवेल तेव्हा कळते, आणि 'सीएचबीवाले मीटिंगला येत नाहीत' म्हणून ओरड त्यांच्याच नावाने होते. जो वर्गावर जातो तो यादीत, पहिल्या तासाच्या आधी, असा नियम करा. ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक शिक्षकवर्गातच धरले जातात, पण यादी विभागवार केली की नेमके हेच दोघे गळतात. निवृत्त झालेल्यांना सूचनांमधून महिन्याभरात मोकळं करा, चर्चेत हवं तर राहू द्या. आमचे दोन निवृत्त सर चर्चेतले सगळ्यात उपयोगी लोक आहेत, कारण जुने ठराव त्यांच्या डोक्यात असतात. यादी कोण अद्ययावत करणार हे पदाने लिहा, व्यक्तीच्या नावाने नको, माणसं बदलतात.

आता अभिनंदनाचा विषय. यावर बोललं की लोक दुखावतात, म्हणून आमच्याकडे जे घडलं तेच सांगते. एका तरुण सहकाऱ्याला पीएचडी मिळाली. मेलचा विषय होता 'हार्दिक अभिनंदन!!!', आणि दोन दिवस त्याच मेलवर शुभेच्छांची रांग लागली होती. तिसऱ्या दिवशी आमचे निवृत्त कार्यालय अधीक्षक वारले. बातमी सगळ्यांना कळवायची म्हणून कुणीतरी हाताशी होता तो मेल उघडला आणि त्यालाच उत्तर देऊन 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' असं लिहिलं. विषय तोच राहिला. फोनवर नुसता विषय बघून एका सरांनी उत्तर दिलं, 'मनःपूर्वक अभिनंदन, आता पेढे हवेतच!' अधीक्षकांची मुलगी आमच्याच ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती आणि यादीत होती. तिने पुढे त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र तो मेल अजून दिसतो.

नवा विषय असेल तर नवा मेल, जुन्याला उत्तर देऊन नाही, हा आमचा नियम तिथून आला. अभिनंदनाचा एकच मेल विभागाकडून जातो, शुभेच्छा ज्याच्या त्याला थेट. श्रद्धांजलीचा मेल फक्त कार्यालय पाठवतं, अंत्यविधीची वेळ आणि ठिकाण त्यात असतंच, आणि त्याला सगळ्यांना उत्तर द्यायचं नाही. 'पण मग माझ्या शुभेच्छा इतरांना दिसणार कशा?' असं एका बाईंनी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. निदान प्रामाणिकपणे विचारलं.

विषयाच्या ओळीत तीन गोष्टी असाव्यात: कुठल्या कामाचा मेल, कुणासाठी, कधीपर्यंत. 'अर्जंट' हा विषय नव्हे. 'परीक्षा: सत्र ३ पेपरसेटरसाठी: मॉडरेशन गुरुवारी दुपारी ४ वाजता' असं लिहिलं की बाकीचे शंभर जण मेल न उघडता पुढे जातात. तुम्ही त्यांच्यावर उपकारच करता.

भाषेचा वाद काढू नका. मराठीत लिहिणाऱ्याला मराठीत लिहू द्या, इंग्रजीत लिहिणाऱ्याला इंग्रजीत. भाषेपेक्षा फॉन्ट जास्त छळतो. कार्यालयात अजून कुणीतरी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून तो मजकूर जसाच्या तसा मेलमध्ये चिकटवतं, आणि आपल्याकडे इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांचा चिवडा येतो. मजकूर युनिकोडमध्ये आणि मेलच्या अंगातच हवा. त्याहून वाईट सवय म्हणजे सही-शिक्क्याच्या पत्रकाचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, 'कृपया पाहावे' म्हणून. आमच्याकडे इतिहास शिकवणारे एक दृष्टिहीन सहकारी आहेत. त्यांचं स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतं, पण अशा फोटोपुढे मुकं होतं. ते एकदा मला म्हणाले, 'मॅडम, सूचना आली हे मला कळतं, काय आली ते शिपाई सांगतात.' त्या दिवसापासून नुसत्या फोटोचा मेल मी सूचना ग्रुपवर जाऊच देत नाही, पाठवणाऱ्याला परत करते. फोटो शोधात सापडत नाही हा दुसरा तोटा, तो नॅकच्या आधीच्या आठवड्यात कळतो.

काय मेलवर येताच कामा नये, याची यादी मात्र स्पष्ट आणि छोटी ठेवा. प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची, कुठल्याही टप्प्यावरची. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांवर १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा 'चुकून गेला' म्हणून सुटका होईल यावर विसंबू नका. लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल काहीही, नाव न घेता केलेला सूचक उल्लेखसुद्धा. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख उघड करायला मनाई करतं. सहकाऱ्याच्या आजारपणाची किंवा रजेची कारणं. आणि विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती.

या शेवटच्यात सगळ्यात जास्त चुका होतात, त्याही चांगल्या हेतूने. शिष्यवृत्तीचे अर्ज अपुरे राहिलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांना हवी असते. कार्यालयातून एक्सेल शीट येते. वर दिसतात फक्त रोल नंबर आणि नावं. पण मधले कॉलम लपवलेले असतात, पुसलेले नसतात. दोन क्लिक केले की जात, आधार क्रमांक, पालकांचं उत्पन्न, मोबाइल, सगळं समोर. मी स्वतः एकदा अशी शीट पुढे पाठवली आहे. माझ्याच एका विद्यार्थिनीने, जी तेव्हा नुकतीच आमच्याकडे शिकवायला लागली होती, ते दाखवून दिलं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, पण हे टाळायला कायद्याची गरज नव्हती. नव्या शीटमध्ये हवे तेवढेच कॉलम चिकटवा आणि ती पाठवा.

माहितीच्या अधिकाराबद्दल समितीत कुणीतरी हमखास बोलेल. २००५ च्या कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येत ईमेलचा शब्दशः उल्लेख आहे, कलम २(च) मध्ये. म्हणजे अनुदानित संस्थेतल्या कामकाजाचा मेल दहा रुपयांच्या अर्जावर मागितला जाऊ शकतो. कलम ८ मध्ये अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी लिहू नये. नियमावलीत हे एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. लोकांना घाबरवायला ते वापरायचं नाही.

आणि आता तुमच्या समितीची खरी परीक्षा. मसुद्यात कुठेतरी 'संस्थेची प्रतिमा मलिन होईल असा मजकूर टाकू नये' हे वाक्य येणार. ते कुणी सुचवलं याच्याशी देणंघेणं नाही, ते खोडा. प्रतिमा कशाने मलिन होते हे ठरवणारा माणूस नेहमी खुर्चीवरचाच असतो. पंख्यांची तक्रार करणारा, थकलेल्या मानधनाबद्दल विचारणारा सीएचबीवरचा शिक्षक त्या एका वाक्यात अडकू शकतो. जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना एक व्यंगचित्र आपल्या सोसायटीतल्या लोकांना मेलने पाठवलं म्हणून एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, तरी ते प्रकरणातून मोकळे झाले जानेवारी २०२३ मध्ये. संदिग्ध शब्दाची किंमत कोण मोजतो ते यातून दिसतं. आपण पोलीस नाही, पण संदिग्ध नियम आपणही लिहू शकतो. त्यापेक्षा सरळ लिहा: निर्णयावर, धोरणावर, कारभारावर टीका चालेल, व्यक्तीच्या जातीवर, धर्मावर, लिंगावर, शरीरावर, घरच्यांवर बोलणं चालणार नाही.

मेल आधी तपासून मग सोडण्याची पद्धत चर्चा ग्रुपवर आणू नका. आम्ही एक सहामाही करून पाहिली. मी परीक्षेच्या कामात होते, चार दिवस मेल अडकून राहिले, आणि लोकांना वाटलं मी मुद्दाम अडवतेय. नियम मोडल्यावर काय, तर पहिल्यांदा व्यवस्थापकाचा खासगी निरोप. मी साधारण असं लिहिते: 'सर, काल रात्रीचा तुमचा मेल सगळ्यांना गेलाय. बहुधा तुम्हाला फक्त परीक्षा विभागाला लिहायचं होतं. मुद्दा बरोबर आहे, तिसरं वाक्य तेवढं काढून परत टाकता का? अकराच्या चहाला बोलू.' दहातली नऊ प्रकरणं चहावर मिटतात. परत झालं तर समितीचा लेखी निर्णय, कारणासह, आणि ठरावीक दिवस लिहिण्याची मनाई. वाचण्याची मनाई कधीच नाही, नाहीतर त्याला सूचना मिळाली नाही याला तुम्ही जबाबदार. समितीच्या तिघांपैकी एक शिक्षकांनी निवडलेला असावा. सीएचबीवरचा कुणी आत असेल तर उत्तम.

रागाच्या मेलसाठी जुनाच उपाय बरा. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी, दोनेक महिन्यांनी, इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींनी वापराच्या शिष्टाचाराचा एक दस्तऐवज काढला, आरएफसी १८५५ नावाचा. भावनेच्या भरातलं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या, असं त्यात तेव्हाच लिहिलेलं आहे. रात्री साडेअकराला मेल लिहायला हरकत नाही. सकाळी आठची वेळ लावून ठेवा आणि उठल्यावर एकदा वाचा. हे प्राचार्यांनाही लागू, आणि बहुतेकदा पहिला नियम तेच मोडतात. त्यांनाही तोच खासगी निरोप पाठवा, त्याच शब्दांत. लोक ते बघत असतात.

सगळं मिळून एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. मसुदा मेलवर फिरवू नका, नाहीतर मेलच्या नियमांवरच मेलचं युद्ध होईल. स्टाफ मीटिंगमध्ये छापील प्रत द्या, शेरे पेनाने घ्या, एक सत्र वापरून बघा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत बसा.

राहिला सुपरव्हिजनचा वाद. तो या नियमावलीत आणू नका. कुणाला सलग तीन शनिवार ड्युटी लागली आणि कुणाला एकही नाही, हा त्याचा गाभा आहे, आणि तो कितीही सभ्य भाषेत लिहिला तरी तेवढाच राहणार. परीक्षा विभागाकडून गेल्या दोन परीक्षांचा ड्युटीचा तक्ता नावानिशी मागून घ्या आणि चर्चा ग्रुप सुरू झाला की पहिला मेल म्हणून तोच टाका.